चुनबरडीची फुलपाखरं आणि माझं चुकलेलं पत्रक

तुमच्या गावातली सगळ्यात निकामी जमीन कोणती, असं कोणी विचारलं तर तुम्ही कुठे बोट दाखवाल?

मीच सांगते. जिथे झाड नाही, पीक नाही, पावसाचं पाणी थांबत नाही आणि सातबाऱ्यावर कुणाच्या बापाचं नाव नाही, तिकडे. आमच्या वऱ्हाडात अशा जमिनीला ई-क्लास म्हणतात. कागदावर ती गावाच्या गुरांसाठी राखलेली असते आणि लोकांच्या तोंडी ती 'पडीक' असते. मीही तिकडेच बोट दाखवलं होतं. नुसतं बोट दाखवून थांबले नाही, पत्रक काढलं.

आमच्या घरात पत्रकांचीच भाषा चालते. वडील शिक्षक, आणि शाळा सुटल्यावर कुठल्या ना कुठल्या आंदोलनात. पलंगाखाली पत्रकांचे गठ्ठे असत आणि बाराखडी मी त्यांच्यावरच गिरवली. त्यामुळे एखादी गोष्ट खटकली की मला झोप लागत नाही, आणि झोप लागली नाही की पत्रक तयार होतं. गेल्या वर्षी पावसाळ्याआधी असंच एक तयार झालं. 'बोडका माळ हिरवा करा!' त्यात एक वाक्य होतं, ज्याचा मला फार अभिमान होता: 'प्रत्येक उघडा माळ हा आपल्या आळसाचा पुरावा आहे.' आम्ही अमरावतीची पंधरा-वीस पोरं-पोरी चांदूर बाजारच्या पुढच्या एका गावात गेलो, माळाच्या एका कोपऱ्यात खड्डे खणून रोपं लावली, फोटो काढले आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आलो.

यंदा ऑक्टोबरात मंजुषाचा फोन आला. मंजुषा माझी कॉलेजातली मैत्रीण. अकोल्याला प्राणिशास्त्र शिकवते, आणि तिचं माहेर नेमकं तेच गाव.

"रविवारी ये," ती म्हणाली. "सकाळी माझ्यासोबत फुलपाखरं मोज. तुझी झाडंही पाहून घे. दुपारी ग्रामसभा आहे. उरलेल्या सगळ्या माळावर झाडं लावायचा ठराव येतोय."

"अरे वा! मग मी बोलतेच सभेत."

"आधी बघ, मग बोल," ती म्हणाली आणि फोन ठेवला.

मी जुन्या पत्रकाच्या पन्नास प्रती पिशवीत भरल्या.

चांदूर बाजार

एसटी स्टँडासमोरच्या गाडीवर आलुबोंडे तळणं चालू होतं. आलुबोंडा कुस्करून त्यावर गरम कढी ओतून देतात. पुण्याचा पाहुणा हा प्रकार पाहून बिचकतो, आणि दुसरी प्लेट मागवतो. मंजुषा आदल्या दिवशीच माहेरी आली होती. ती भावाची स्कूटर घेऊन मला न्यायला आली. गळ्यात दुर्बीण, हातात लांबट वही.

"पिशवी जड दिसते."

"पत्रकं आहेत. पन्नास."

तिनं पिशवीकडे एकदा पाहिलं. "कढी पिऊन घे, थंड झाली की मजा नाही," एवढंच म्हणाली.

संत्र्याच्या बागांमधून पांदणीनं, म्हणजे बैलगाडीच्या वाटेनं, आम्ही गावात शिरलो. उत्तरेला मेळघाटाचे डोंगर निळ्या रेघेसारखे दिसत होते.

आखर

गावाच्या कडेला मोकळी जागा असते, तिला आखर म्हणतात. सकाळी घराघरातली गुरं तिथे जमतात आणि गायकी, म्हणजे गावाची गुरं चारणारा माणूस, ती माळावर नेतो. या गावाचा गायकी बाई आहे. सुभद्राकाकू. नवऱ्याचे गुडघे गेले तेव्हापासून हीच गुरं चारते. पन्नाशीची, लुगड्यावर पुरुषी फुलशर्ट, पायात प्लास्टिकचे बूट, हातात काठी. पहिल्या वर्षी लोक हसले. आता तिच्याशिवाय एकही गाय आखरावरून हलत नाही. गायींना ती घरावरून हाक मारते. 'सरपंचाची लाल', 'मास्तराची भुरी'.

मंजुषानं माझी ओळख करून दिली. काकूंनी मला वरपासून खालपर्यंत पाहिलं.

"हेच काय ते झाडंवाली?"

"हो काकू."

"बरं झालं आली. लावून गेली अन् पुन्हा तोंड दाखवलं नाई. पोरगं पाळणाघरात ठेवून न्याले विसरते तसं केलं वं तू त्याईचं."

मंजुषा खो-खो हसली. मला राग आला. गुरांच्या मागे आम्ही चालू लागलो.

चुनबरडी

वऱ्हाड म्हटलं की सगळ्यांना काळी कसदार माती आठवते. पण मध्येच कुठे कुठे ही माती संपते आणि खडकाळ उंचवटा वर येतो. त्याला बरडी म्हणतात. या गावच्या बरडीत चुनखडीचे पांढरे खडे आहेत, गारा पडून राहाव्यात तसे पसरलेले. पूर्वी इथे चुन्याची भट्टी होती. तिचा काळा पडलेला अर्धा गोल अजून दिसतो. म्हणून ही चुनबरडी.

गेल्या वर्षी मी पावसाच्या तोंडाशी आले होते, तेव्हा इथे नुसते खडे आणि वाळकी खुंटं होती. आता गुडघाभर गवत होतं. काही ठिकाणी घोट्याएवढं, काही ठिकाणी नुकतं चरलेलं. मला वाटलं आपोआप तसं झालं असेल. नाही. काकूंनी बरडीचे मनातल्या मनात चार तुकडे पाडले आहेत. एका तुकड्यावर गुरं आठवडाभर चरतात, मग पुढच्या. चौथ्याला दसऱ्यापर्यंत कुणी तोंड लावायचं नाही. हे कुठे लिहिलेलं नाही. सासऱ्यानं नवऱ्याला सांगितलं, नवऱ्यानं हिला.

फुलपाखरं बघायचं म्हणजे पुतळ्यासारखं उभं राहायचं, असं मला वाटत होतं. मी ऐटीत गवतात बसले आणि लगेच उठले. कुसळं! सलवारीतून, मोज्यांतून, नको तिथून शेकडो सुया टोचत होत्या. पुढची पंधरा मिनिटं मी एका खडकावर बसून कुसळं उपटत होते आणि मंजुषा शांतपणे मोजत होती. ती एकाच रेषेत हळूहळू चालते, दोन्ही बाजूंना पाच-पाच पावलांत जे दिसेल त्याची वहीत उभी रेघ ओढते.

मग ऊन वर आलं आणि माळ उठला.

याहून वेगळा शब्द मला सापडत नाही. तरोट्याच्या झुडपांवरून पिवळ्या चिंध्या उडाव्यात तशी फुलपाखरं उठली. रुईच्या झुडपावर केशरी, काळ्या कडांची, राजेशाही चालीनं तरंगणारी. एक गडद निळं, पंखावर डोळा असलेलं, उघड्या खड्यावर येऊन बसायचं, माझी सावली पडली की उडायचं आणि पुन्हा त्याच खड्यावर. जणू त्याच्या नावावर सातबारा होता. मंजुषाची पेन्सिल थांबत नव्हती. पहिल्याच फेरीत वहीचं पान भरलं.

"इकडे ये. पण जपून पाय टाक," तिनं हाक मारली.

ती पोटावर आडवी झाली होती. मीही झाले, कुसळांची पर्वा न करता. जमिनीला चिकटून पसरलेलं बारीक पानांचं एक रोप होतं. त्यावर काहीतरी हललं. माझ्या करंगळीच्या नखाएवढं फुलपाखरू! राखाडी पंख, आणि मागच्या पंखाच्या कडेला नारिंगी टिकल्या. टिकल्यांच्या आत काळा ठिपका आणि त्यात हिरवी चमक, एखाद्यानं फार बारीक हातानं खडे बसवावेत तशी.

"आपल्या देशातल्या सगळ्यात लहान फुलपाखरांपैकी एक," मंजुषा कुजबुजली. "हे उंच उडतच नाही. गुडघ्याच्या खाली याचं सगळं जग. हे रोप त्याचं घर, आणि रोपाला डोक्यावर उघडं आभाळ लागतं. सावली आली की रोप संपलं, आणि रोप संपलं की हे."

मला माझी रोपं आठवली, पण मी पुन्हा त्या नारिंगी टिकल्या मोजू लागले. माणूस आपल्या चुकीला जमेल तेवढा वेळ टाळतो.

काकू लांबून ओरडल्या, "अवं पोरींनो, तठी काय लोळून राहिल्या? अठी या! गाय मुतली तठी पाहा!"

आम्ही धावलो. चुनखडीच्या पांढऱ्या मातीवर ओला डाग होता आणि त्यावर पंख मिटून दाटीवाटीनं बसलेली पांढरी-पिवळी-निळी फुलपाखरं. मंजुषानं सांगितलं की त्यांना त्यातलं मीठ लागतं.

"तुमी पुस्तकात शोधून राहिल्या," काकू म्हणाल्या. "माह्या ढोराईच्या मागं चाला, सगळं दिसते."

"काकू, तुम्हाला हे आधीपासून माहीत होतं?"

"रोज पाहतो वं आमी. कोणी विचारलं तर सांगीन ना!"

मग त्या मला माझी झाडं दाखवायला घेऊन गेल्या.

तो कोपरा लांबूनच ओळखू आला, कारण तिथे गवत नव्हतं. खड्ड्यांमधून वर आलेली चुन्याची माती पसरली होती आणि तिच्यावर गाजरगवत माजलं होतं. त्यात ओळीनं काटक्या उभ्या होत्या. एका काटकीला अजून आमची रंगीत फीत बांधलेली होती. जिवंत रोपं मी मोजली. एका हाताची बोटं पुरली.

"खाली चुना हाय, बाई. मूळ जाईन कुठं?" काकूंच्या आवाजात आता टोमणा नव्हता. मला तो असता तर बरं वाटलं असतं.

मंजुषानं तिथेही तशीच फेरी मारली, तेवढीच पावलं, तेवढाच वेळ. वहीच्या पानावर चार रेघा उमटल्या. तिनं पान उलटलं नाही. शेजारचं, गच्च भरलेलं पान आणि हे, दोन्ही माझ्यासमोर धरलं.

"फोनवर का नाही सांगितलंस?"

"तू ऐकलं असतंस?"

नसतं ऐकलं. मी तिच्यावर पत्रक काढलं असतं.

भाकरीची वेळ

भट्टीच्या सावलीत काकूंनी फडकं सोडलं. ज्वारीची भाकर, झुणका, हिरव्या मिरचीचा ठेचा, बुक्कीनं फोडलेला कांदा. घरी मी ठेच्याला हात लावत नाही. इथे दोनदा घेतला, आणि डोळ्यांतून पाणी आलं ते ठेच्यामुळेच, असं मी ठरवून टाकलं.

ठराव काय होता ते मंजुषानं सांगितलं. सगळ्या चुनबरडीवर जेसीबीनं चर खणायचे, रोपं लावायची, भोवती काटेरी तारांचं कुंपण आणि तीन वर्षं चराई बंद.

"मग गुरं?"

"दावणीला," काकू म्हणाल्या. "अन् मी घरी."

"सभेत सांगा ना हे!"

"सभा असते दुपारी दोनाले. मी दुपारी दोनाले कुठं असतो? बरडीवर. दरसाल असंच. सभा होऊन जाते, मंग मले कळते काय ठरलं ते."

"मी सांगते काकू. मी बोलते तुमच्या वतीनं."

काकूंनी भाकरीचा तुकडा तोंडात टाकला, सावकाश चावला.

"तू बोलशील. चांगलं बोलशील. अन् चालली जाशील अमरावतीले."

गुरं रवंथ करत बसली होती. काकूंनी सूर्याकडे पाहिलं, मग गावाकडे पाहिलं, आणि एकदम हसल्या. फडकं झटकून कमरेला खोचलं.

"जा तुमी दोघी सभेत. मी येऊन राहिलो."

"आणि गुरं?"

"तेबी येतीन."

मारोतीच्या देवळापुढे

सभा सुरू झाली तेव्हा देवळाच्या ओट्यावर पंचवीस-तीस माणसं होती. बायका तीन, त्यांत मंजुषा आणि मी. सरपंच विलासभाऊ चाळिशीचे, उत्साही, हसतमुख. हा माणूस वाईट नव्हता. गावाचं नाव व्हावं, गाव हिरवं दिसावं, एवढंच त्याला हवं होतं. मला जे हवं होतं, नेमकं तेच.

त्यांनी खिशातून एक घडी केलेला पिवळा कागद काढला. मी ओळखला.

"ऐका. 'प्रत्येक उघडा माळ हा आपल्या आळसाचा पुरावा आहे.' वा! काय लिहिलंय! अन् हे लिहिणारी ताई आज इथं आपल्यात बसून हाय. टाळ्या वाजवा."

टाळ्या पडल्या. मी उठले. पत्रकांच्या घरात वाढलेल्या माणसाला घोषणा देता येतात. माघार कशी घ्यायची ते कुणी शिकवलेलं नसतं.

"हे मी लिहिलं आहे," मी म्हणाले, "आणि हे चूक आहे. मी माळ न पाहता लिहिलं. आमची रोपं मेली, आणि तेवढ्या जागेतलं गवतही आम्ही मारलं. हा कागद मी मागे घेते. कृपा करून याच्या आधारावर ठराव करू नका."

मागून एक म्हातारा म्हणाला, "न पाहता मंग कुठं बसून लिहिलं, बाप्पा?"

"घरी."

"घरी बसून आमाले आळशी म्हटलं!"

सगळा ओटा हसला. मीही हसले. सांगते, ते हसू माझ्या आजवरच्या सगळ्या टाळ्यांपेक्षा मोलाचं होतं.

विलासभाऊ मात्र गोंधळले. "ताई, तुमी मागं घेतलं, पण ठराव तर लिहून तयार हाय ना..." आणि एवढ्यात घंटा ऐकू आल्या.

एक, दोन, मग सगळ्याच. मुख्य गल्लीतून धूळ उठली आणि भर दुपारी, अडीच वाजता, गावाची सगळी गुरं गावात शिरली. एरवी ती दिवस बुडताना येतात. दारं धडाधड उघडली. कुणी हातातलं पीठ तसंच घेऊन आली, कुणी ओल्या केसांनी. "कावून वं सुभद्रे, आत्ताच?" "दावं सोडून ठेवलंय!" "वैरण काढली नाई अजून!" प्रत्येक घरातून एक बाई बाहेर आली, आणि गुरांच्या मागे मागे सगळ्या देवळापुढे येऊन ठेपल्या. सरपंचांची लाल गाय थेट ओट्याला येऊन उभी राहिली. तिच्यामागे त्यांची बायको.

"अवो, लाल घरी आली. हिले काय घालू आता?"

विलासभाऊंनी काकूंकडे पाहिलं. "सुभद्राबाई, हे काय लावलं? अडीच वाजता ढोरं?"

काकू काठी टेकून उभ्या राहिल्या.

"उद्यापासून अशीच राहतीन ना भाऊ, दिवसभर घरी. तुमी चराई बंद करून राहिले. म्हटलं आजच सवय करून घ्या."

यानंतर सभा कुणाच्या हातात होती, ते सांगायला नको. बायका एकदम बोलू लागल्या. कुणाच्या गोठ्यात किती वैरण आहे, कुणाकडे नाहीच आहे, तीन वर्षं म्हणजे किती, हे सगळं मोठ्यानं बाहेर आलं. विलासभाऊंनी हात वर केले. "थांबा! मले सांगा, गावाले झाडं नकोत काय?"

"पाहिजेत," काकू म्हणाल्या. "शाळंच्या कुंपणाले लावा. नाल्याच्या काठानं लावा, पांदणीनं लावा. पाणी घालाले सोपं, सावली माणसाले कामी येईन. बरडी तिच्या जागी राहू द्या."

मंजुषानं वहीची दोन पानं उघडून दिली. वही हातोहात फिरली. रेघांनी भरलेलं पान आणि चार रेघांचं पान. हे समजायला कुणाला प्राणिशास्त्र लागलं नाही. विलासभाऊंकडे वही आली तेव्हा त्यांनी ती बराच वेळ पाहिली.

"एवढी फुलपाखरं हायेत आपल्या बरडीवर?"

"चला दाखवतो. लालच्या मागं चाला," काकू म्हणाल्या.

ते हसले. मनापासून हसले. मग ग्रामसेवकांना म्हणाले, "साहेब, खोडा ते. नवीन लिहा."

नवा ठराव असा: चुनबरडी चराईसाठीच राहील, तिथे कुठलंही यंत्र चालणार नाही, झाडं नाल्याच्या काठानं आणि शाळेभोवती लागतील. हात वर करा म्हटल्यावर सरपंचांच्या बायकोचा हात सरपंचांच्या आधी वर गेला. विरोधात एकही नाही. आणि सगळं झाल्यावर तोच म्हातारा मागून म्हणाला, "अजून एक लिवा. यापुढं ग्रामसभा ढोरं घरी आल्यावर." तेही लिहिलं गेलं.

मी लहानपणापासून 'विजय' हा शब्द पत्रकांत वाचत आले. त्या दुपारी तो मी प्रत्यक्ष पाहिला. त्याच्या अंगावर फुलशर्ट होता आणि तो म्हणत होता, "चला, आता ढोरं बांधा, पाणी दाखवा."

निघताना काकूंनी माझ्या पिशवीकडे बोट दाखवलं. "ते कागद कोरडे हायेत ना? ठेवून जाय. चूल पेटवाले कामी येतीन." मी पन्नासही प्रती देऊन टाकल्या, आणि त्याबद्दल मला अजिबात वाईट वाटलं नाही.

आता तुमच्याकडे माझं एक मागणं आहे. तुमच्याही गावाला ई-क्लास असेल, तुमच्याकडे त्याचं नाव गायरान असलं तरी. तो कुठे आहे ते तलाठ्याला विचारा, आणि पाऊस संपल्यावर उन्हाच्या एखाद्या सकाळी तिथे जाऊन या. मग पुढच्या ग्रामसभेला हजर राहा. त्या जमिनीचा विषय निघाला, मग तो झाडांचा असो, सौरऊर्जेचा असो की आणखी कशाचा, तर उभे राहून विचारा: या जमिनीवर रोज जाणारं माणूस इथे बसलं आहे का? नसेल, तर ते येईपर्यंत हात वर करू नका.